लहान मुलं उंचावरून पडू नयेत म्हणून घरात नेमकं काय बदललंत? (नाशिककरांनो, मोजमापासकट सांगा)

सिडकोची_आई
सोमवार, रात्री ११.१०

मागच्या सोमवारी माझा मुलगा जिन्यावरून पडला. एक वर्ष दहा महिन्यांचा आहे. आता खेळतोय, जेवतोय, कपाळावरचं टेंगूळ हिरवट होऊन उतरत आलंय. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या पोटात गोळा यायला नको.

आमचं घर सिडकोत, म्हणजे सिडकोने बांधलेल्या वसाहतीत, स्कीमचं. खाली सासूसासरे, वरच्या दोन खोल्या नंतर चढवलेल्या, तिथे आम्ही. सिडकोतली घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना जिना कसा असेल ते सांगायला नको. प्लॉट एवढासा, आत जिन्याला जागाच नाही. म्हणून बाहेरून लोखंडी, उभ्या चढाचा, पायऱ्यांना मागून पत्रा नसलेला. वरच्या तोंडाशी आम्ही प्लायची फळी आडवी लावायचो. लावायचो म्हणजे टेकवायचो. त्या संध्याकाळी सिलेंडर वर आणला तेव्हा फळी बाजूला झाली आणि परत लावायची राहिली. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी गॅस बारीक करायला वळले. ओट्यापासून जिन्यापर्यंत सात पावलं आहेत, नंतर मोजली मी. परत वळले तेव्हा तो जागेवर नव्हता. मग आवाज आला.

सहा पायऱ्या घरंगळला आणि वळणावर अडकला. तिथे वळण नसतं तर, याच्यापुढे मला विचार करवत नाही.

दवाखान्यात, घरी, फोनवर, सगळ्यांनी मला एकच विचारलं, "तुझं लक्ष कुठे होतं?" सिलेंडर नवऱ्याने चढवला होता, त्याला कुणी विचारलं नाही. मी त्याला दोष देत नाहीये, तोही आठ दिवस धड झोपलेला नाही. पण माझं लक्ष होतं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत असतं. एवढा वेळ लक्ष ठेवणाऱ्या माणसाची पाठ कधीतरी सात पावलांपुरती फिरणारच.

म्हणून विनंती आहे की "लक्ष ठेवा" सोडून काहीही सांगा. काय ठोकलंत, काय काढलंत, कडी कुठे लावलीत, कुठलं सामान कुठून हलवलंत. ज्या घरात मोठ्या माणसाची पाठ फिरली तरी मूल पडत नाही, तसं घर मला करायचंय.


गंगापूर_रोड
सोमवार, रात्री ११.४२

ताई, वाचून अंगावर काटा आला. बाळ बरं आहे हे महत्त्वाचं.

आमची अकरा महिन्यांची मुलगी परवा दिवाणावरून पडली. लगेच रडली, दहा मिनिटांत शांत झाली. पण आईने सांगितलं झोपू द्यायचं नाही, म्हणून रात्री दोनपर्यंत खेळवत बसलो. हे बरोबर केलं का? इथे कुणी डॉक्टर आहेत का?


वॉर्डातली_सिस्टर
मंगळवार, पहाटे ५.५०

डॉक्टर नाही, नर्स आहे. शहरातल्या एका हॉस्पिटलच्या अपघात विभागात बारा वर्षं काढलीत. रात्रपाळी संपवून लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी झोपेचं. झोपेची वेळ झालेली असेल आणि मूल एरवीसारखं वागत असेल तर झोपू द्यावं. जबरदस्तीने जागवलेलं मूल पेंगतं, चिडतं आणि मग ती पेंग जागरणाची की डोक्याच्या माराची हे आम्हालाही ओळखता येत नाही. पहिले चार ते सहा तास सगळ्यात महत्त्वाचे. तेवढ्यात झोपलं तर मधूनमधून हलवून पाहा. कूस बदलतं का, हात झटकतं का, तोंड वाकडं करून कुरकुरतं का. तसं केलं तर ठीक. हलवूनही काहीच हालचाल केली नाही तर थांबू नका.

लगेच न्यायचं कधी? पडल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली. परत परत उलटी झाली. झटका आला. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त आलं. दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या. एक हात किंवा पाय हलवेना. रडणं थांबेचना, किंवा उलट मूल विचित्र शांत झालं, आईकडे बघूनही ओळख दाखवेना. टाळू अजून न भरलेलं मूल असेल आणि ती टाळू फुगून वर आली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं डोकं आपटलं असेल तर काहीही दिसत नसलं तरी दाखवायचंच. ॲम्ब्युलन्सला १०८.

टेंगळाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कपाळावरचं टेंगूळ दिसायला मोठं दिसतं पण सहसा साधं असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला मऊ, पिळपिळीत सूज आली तर मात्र ती जास्त काळजीची. आणि टेंगूळ चोळू नका हो. आज्या तेल लावून, नाणं दाबून चोळतात, त्याने सूज वाढते. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून हलक्या हाताने धरा, बस.

उंची पण मोजा. दोन वर्षांच्या आतलं मूल तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं, किंवा त्याहून मोठं पाच फुटांपेक्षा उंचावरून पडलं, तर वरून ठीक दिसलं तरी डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं. प्रत्येकाचा सीटी स्कॅन लागतोच असं नाही, पुष्कळदा डॉक्टर काही तास समोर ठेवून बघतात. त्यांना घाई करू नका आणि स्वतःहून स्कॅनचा आग्रहही धरू नका.

आता सिडकोच्या ताईंच्या प्रश्नातला जो भाग मला लागला, तो. "लक्ष कुठे होतं" या एका प्रश्नाने आमचं काम किती अवघड होतं ते सांगते. मूल आणतात, आम्ही विचारतो कशावरून पडलं. आई आधी सासूकडे बघते, मग म्हणते, "पलंगावरून." डॉक्टर पलंगाच्या हिशोबाने तपासतात. अर्ध्या तासाने बाप पार्किंग करून येतो आणि सांगतो की पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पडलं. तो अर्धा तास गेला ना. त्या बाईने खोटं का सांगितलं ते मला कळतं. पण मुलाला त्या क्षणी खरी उंची सांगणारं माणूस हवं असतं. म्हणून घरच्यांनो, प्रश्न विचारायचे ते नंतर विचारा, दवाखान्याच्या दारात नको.

लहान मुलं डोक्यावरच का पडतात? जन्मतः बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या पाव भागाएवढं असतं. आपलं साधारण आठवा भाग. वरचा भाग एवढा जड, की वाकून डोकावलं की तोल पुढेच जातो. बादलीतही तेच होतं. वाकतं, डोकं आत जातं आणि बाहेर निघता येत नाही. दोन वर्षांचं मूल घरात असेल तर न्हाणीघरातली बादली रिकामी आणि पालथी. हे सांगितल्याशिवाय मी एकाही आईला घरी पाठवत नाही.


गंगापूर_रोड
मंगळवार, सकाळी ८.१५

सिस्टर, मनापासून आभार. दिवाण आजच काढतोय, गादी जमिनीवर.


रोखठोक
मंगळवार, सकाळी १०.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण आम्ही चार भावंडं झाडांवरून, भिंतींवरून पडतच मोठे झालो. गोदावरीत उड्या मारल्या. गुडघे फुटले, हळद लावली, पुन्हा खेळायला. आताची मुलं तळहातावरच्या फोडासारखी जपून तुम्ही त्यांना घाबरट करताय. पडल्याशिवाय मूल चालायला शिकतं का?


जुनं_नाशिक
मंगळवार, दुपारी १२.०५

रोखठोक, मी ७१ वर्षांचा आहे, तुमच्यापेक्षा जास्तच पडलो असेन. पण आमच्या आळीत एक मुलगा होता, माझ्याच वर्गात. वाड्याच्या सज्जातून पडला, तिसऱ्या दिवशी गेला. आज त्याचं नाव घेणारं त्या आळीत कुणी उरलेलं नाही. "आम्हाला काही झालं नाही" असं आपण म्हणतो, कारण आपण म्हणायला उरलो. तो काही इथे लिहायला येणार नाही.

आणि आपले वाडवडील मुलांना मोकळं सोडत होते हेही अर्धंच खरं. आमच्या वाड्यात जिना भिंतीच्या पोटातून वर जायचा, एका वेळी एकच माणूस मावेल असा. वरच्या तोंडाला फळ्यांचं झाकण. रात्री ते चोरासाठी लावायचे आणि घरात रांगतं मूल असलं की दिवसाही. आजी वर डाळ निवडत बसली की झाकण पाडलेलं असायचं. धरायला दोर होता. खिडक्या जमिनीपासून जेमतेम हातभर वर, कारण माणसं खाली बसायची. पण गज उभे आणि इतके जवळजवळ की मांजरसुद्धा अंग चोरून जाई. त्या सुताराला ठाऊक होतं की या घरात पोरं असणार.

आता नव्या फ्लॅटात खिडकी तेवढीच खाली आली, काचेची झाली, आणि गज मात्र गेले. माझ्या नातवाच्या खोलीतली तसली खिडकी पाहिल्यापासून मला त्या सज्जाची आठवण येत राहते.


वॉर्डातली_सिस्टर
मंगळवार, दुपारी ४.२०

रोखठोक दादांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर देते. चालताना, धावताना, स्वतःच्या उंचीवरून पडणं वेगळं. ते रोज दहा वेळा होऊ द्या, त्यानेच तोल येतो. मी तर म्हणते बागेत न्या, चढू द्या, फक्त घसरगुंडीखाली वाळू किंवा माती असली पाहिजे, पेव्हर ब्लॉक नको. पण खिडकी, जिना, गच्ची, विहीर यांवरून पडून मूल काही शिकत नाही. पुढच्या वेळी सावध राहायला ती पुढची वेळ मिळावी लागते.


ग्रिलवाला_सातपूर
मंगळवार, रात्री ९.००

ताई, सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मोजमाप मागितलंत म्हणून लिहितो, एरवी वाचूनच सोडून देतो.

तुमच्या जिन्याला टेकवलेलं काही चालणार नाही. बाजारात दाबून बसवायचं फाटक मिळतं, भिंतीला भोक न पाडता. ते दोन खोल्यांच्या मधल्या दाराला ठीक आहे. जिन्याच्या वरच्या तोंडाला कधीच नको, मूल जोरात आदळलं तर फाटकासकट खाली जाईल. तिथे भिंतीत फास्टनर मारून बिजागरीवरच फाटक पाहिजे. उंची अडीच ते तीन फूट. बार उभे. आडवी पट्टी फक्त वर आणि खाली, मध्ये एकही नको, नाहीतर तीच शिडी होते. दोन बारांमधली फट चार इंचांच्या आत. शरीर निसटतं आणि डोकं अडकतं, असंही होतं, म्हणून फट कमी म्हणजे कमीच. खालून जमिनीशी दोन इंचांपेक्षा जास्त मोकळं सोडू नका.

फाटक उघडणार घराच्या बाजूला. जिन्याच्या बाजूला उघडलं तर हातात सामान असताना तुम्हीच तोल जाऊन पडाल. स्प्रिंगची बिजागरी घ्या, म्हणजे सोडलं की आपोआप लागतं. तुमच्याकडे चूक फळीची नव्हती ताई, ती परत लावायला माणूस लागत होता ही चूक होती. सिलेंडर चढवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, तो फळी कशी लावणार? कडी जिन्याच्या बाजूने आणि वरच्या टोकाला, मोठ्या माणसाने वरून हात घालून उघडायची.

पायऱ्यांना मागून पत्रा मारून घ्या, पाय आत जायला नको. पायरीवर चेकर शीट (उठावाची नक्षी असलेला पत्रा) टाका, पावसाळ्यात साधं लोखंड साबणासारखं होतं. बाजूच्या कठड्याला आता बहुतेक आडवे पाइप असतील, सिडकोत सगळ्यांचे तसेच आहेत. ते कापायला नकोत, आतून जाळी किंवा पॉलिकार्बोनेटची शीट बांधली तरी पाय टेकायला जागा उरत नाही.

अजून एक, हे सगळ्यांसाठी. खिडकीला बॉक्स ग्रिल (बाहेर पिंजऱ्यासारखं काढलेलं) करता तेव्हा त्यातला एक भाग उघडणारा ठेवा, कुलूप लावून, आणि किल्ली खिडकीजवळच उंच खिळ्याला. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता बंद व्हायला नको. आणि त्या बॉक्समध्ये मुलांना खेळायला बसवू नका. लोक गादी घालून बसवतात. ते लोखंड गंजतं, वेल्डिंग सुटतं. माणसाच्या वजनासाठी मी ते बनवलेलंच नसतं.


पाथर्डी_फाटा_सहावा_मजला
बुधवार, सकाळी ७.३०

आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मुलगी अडीच वर्षांची. सरकती काच, त्याला मच्छरांची जाळी. मला इतके दिवस वाटायचं जाळी आहे ना, मग झालं. एकदा तळव्याने नुसती दाबली तर चौकटीसकट बाहेर गेली. सहाव्या मजल्यावरून ती जाळी खाली जाताना बघितली. त्या जाळीला टेकून मुलगी रोज संध्याकाळी बाबांची गाडी बघायची.

त्या दिवशी जे केलं ते: खिडकीखालचा दिवाण आणि पुस्तकांचं कपाट समोरच्या भिंतीला नेलं. सरकत्या काचेच्या पट्टीत स्क्रूचा स्टॉपर बसवला, काच चार इंचांवर उघडत नाही, हवा येते. बाल्कनीच्या दाराला वर टॉवर बोल्ट (सरकती कडी). बाल्कनीतून स्टूल, बादली, मोठ्या कुंड्या सगळं आत. वॉशिंग मशीन राहिलं, तिला नळ तिथेच आहे, म्हणून दाराचा बोल्ट कायम लावलेला.

घरमालक ग्रिल लावू देत नाहीत, भोकं पडतात म्हणून. सोसायटी म्हणते बाहेरून एलेव्हेशन (इमारतीचं दर्शनी रूप) बिघडतं. काय करावं?

आणि कबुतरांची जाळी लावलीय बाल्कनीला, ती धरेल का?


ग्रिलवाला_सातपूर
बुधवार, सकाळी ८.१०

कबुतराची नायलॉन जाळी कबुतरासाठी आहे. उन्हाने दोन वर्षांत तडतडून तुटते, हुकही प्लास्टिकचे असतात. तिच्यावर मुलाचा भरवसा ठेवू नका. स्टेनलेस स्टीलच्या तारांचं इन्व्हिजिबल ग्रिल मिळतं, बाहेरून दिसत नाही, सोसायटीचंही समाधान होतं. पण तारा उभ्या, अंतर कमी, आणि वर्षातून एकदा ताण तपासून घ्यायचा. ढिली तार हाताने बाजूला होते.


नकाशा
बुधवार, दुपारी १.४५

मी आर्किटेक्ट आहे. एलेव्हेशनचं कारण ऐकलं की मला त्रास होतो, कारण ते माझ्याच व्यवसायातून आलंय.

कठड्याचा हिशोब करून बघा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे बाल्कनी-गच्चीचा कठडा किमान एक मीटर. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ८५ सेंमी, म्हणजे कठडा त्याच्या डोक्यावरून वर. सुरक्षित वाटतं. आता तिथे दीड फुटाचं प्लास्टिकचं स्टूल ठेवा. उरला ५५ सेंमी, त्याच्या छातीच्या खाली. सिस्टरनी सांगितलेलं जड डोकं त्याला जोडा. नियम पाळून बांधलेला कठडा एका स्टुलाने निकामी होतो. आणि काचेच्या कठड्याखाली फूटभराचा बसका ओटा असेल, शोभेचा, तर स्टुलाचीही गरज नाही. उंची जमिनीपासून नका मोजू, मूल जिथे पाय टेकू शकतं तिथून मोजा.

कॉलेजात शिकलेलं एक उदाहरण मला कायम आठवतं. न्यूयॉर्कमध्ये साठ-सत्तरच्या दशकात उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुलं पडून दगावत होती, बहुतेक गरीब वस्त्यांतली. १९७२ साली तिथल्या आरोग्य विभागाने मोहीम काढली. "मुलं उडू शकत नाहीत" या अर्थाचं तिचं नाव. कार्यकर्ते घरोघर गेले, आयांशी बोलले आणि, मुख्य म्हणजे, खिडकीला लावायचे गज फुकट दिले. ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ मध्ये पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये नियमच झाला की जिथे १० वर्षांपर्यंतचं मूल राहतं तिथे खिडकीला गज लावायची जबाबदारी घरमालकाची. हवा-उजेड आला पाहिजे, आगीत सुटकेच्या खिडक्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत, हेही त्यात पाहिलेलं.

आयांना तिथेही आधी हेच म्हणायचे, लक्ष ठेवा. आकडा खाली आला तो गज लागल्यावर.

सहावा मजला, तुम्ही घरमालकांना लेखी द्या की घर सोडताना ग्रिल काढून भोकं बुजवून, रंग लावून देऊ, नाहीतर डिपॉझिटमधून कापा. माझ्या दोन भाडेकरू मित्रांचं काम एवढ्यावर झालं.


कर_संक्रांत_येवला
बुधवार, रात्री ९.२०

आमच्या येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं. मोठ्याच्या हातात आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी), पोरं मागे पतंग धरायला. त्या तीन दिवसांत पडण्याची रीत ठरलेली आहे. पतंग वर गेला की नजर आभाळात आणि पावलं मागे. कटलेला पतंग पकडायला धावताना तर गच्ची कुठे संपते याचं भान मोठ्यांनाही राहत नाही.

जुन्या घरांच्या धाब्याला कठडाच नसतो. आम्ही आता काय करतो, तर भोगीच्या आदल्या दिवशी कडेपासून चार फूट आत बांबू रोवून दोर बांधतो, त्याला रंगीत कापडं. मागे सरकताना कंबरेला दोर लागला की माणूस थांबतो. दहा वर्षांखालच्या पोरांनी दोराच्या आतच. पत्र्यावर कुणीही चढायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. सिमेंटच्या पत्र्यावर खिळ्यांची रांग सोडून पाय पडला की सरळ खालच्या खोलीत.


निफाडचा_बागायतदार
गुरुवार, सकाळी ६.१५

तुम्ही सगळे जिने-खिडक्यांचं बोलताय, आमच्याकडे मजले नाहीत पण खड्डे आहेत. विषय थोडा वेगळा वाटला तरी लिहितो.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षासाठी जागोजागी शेततळी झाली. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली त्यानंतर तर फारच. अस्तराचा काळा प्लास्टिक कागद आणि तिरक्या बाजू. ओला कागद म्हणजे तेल लावल्यासारखा. मूल सोडाच, पोहता येणारा गडीसुद्धा आत गेला की वर येऊ शकत नाही, हात रुततच नाही कशात. बागेत छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून जोडपी येतात. आईबाप मांडवाखाली, लेकरं बांधावर. त्या लेकरांवर लक्ष कोण ठेवणार, आई दिवसाच्या रोजावर आहे.

आमच्या शेजारच्या मळ्यात दोन वर्षांपूर्वी एक चार वर्षांचं पोर गेलं. तेव्हापासून मी चारही बाजूंनी पाच फुटी जाळीचं कुंपण केलं, फाटकाला कुलूप. चारही कोपऱ्यांतून जाड गाठीगाठींचा दोर तळापर्यंत सोडलेला, वर लोखंडी खुंटीला पक्का बांधून. टायरच्या ट्यूब फुगवून कुंपणाला टांगल्या. आणि मजूर येतात त्या हंगामात शेडमध्ये एका म्हाताऱ्या बाईला रोज देऊन पोरांपाशी बसवतो. बाकीचे बागायतदार आधी म्हणाले फुकटचा रोज जातो. आता वस्तीवरच्या तिघांनी मिळून तसंच केलंय.

दुसरं बोअर. कोरडं गेलेलं बोअर लोक गोणी कोंबून सोडून देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट सांगितलंय की निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडाने भरायचं आणि चालू बोअरवर पक्कं झाकण ठेवायचं. एक ट्रॉली मुरुमाचं काम आहे. आज करा.


आजी_पंचवटी
गुरुवार, सकाळी ११.००

नातीने टाईप करून दिलं आहे.

वॉकर आणू नका. माझ्या भाचीच्या घरी वॉकरमधलं बाळ उंबऱ्यावरून अंगणाच्या पायऱ्यांवर गेलं, चारही चाकांसकट. आपल्याकडे पांगुळगाडा होता, तीन चाकांचा, लाकडी. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. पायावर त्याचंच वजन, आणि थकलं की खाली बसतं. वॉकरमध्ये मूल टांगलेलं असतं, बोटांच्या टोकांनी ढकलतं आणि गाडी पळते.

बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं ते जमिनीवर पाय पसरून, ओट्यावर किंवा टेबलावर नाही. तेलाचं बाळ हातातून निसटतं. आणि फरशीवर सांडलेलं तेल आधी पुसा. झोळीत ठेवलेलं बाळ बसायला लागलं की झोळी बंद, मग कितीही गाढ झोपत असो.

सिडकोच्या पोरी, तुला बोलणाऱ्यांत मीही असते, माझ्या सुनेला मी बोलले आहे. तुझं वाचलं आणि काल तिला जवळ बसवून घेतलं.


वॉर्डातली_सिस्टर
गुरुवार, दुपारी २.३०

आजी, बरोबर. वॉकरमधलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त जाऊ शकतं, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पकडता येत नाही. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. त्याने मूल लवकर चालतं हाही गैरसमज.

एक राहिलं होतं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी गर्दी वाढते ती रंगकामामुळे. ग्रिल काढून ठेवलेलं, रंगाऱ्याचा घोडा (दुपाखी शिडी) उभा, सामान खिडकीपाशी रचलेलं. घर बदलतानाही तसंच. त्या चार दिवसांसाठी मूल आजोळी पाठवता आलं तर पाठवा.


रोखठोक
गुरुवार, सायंकाळी ७.१०

जुनं नाशिक काका, तुमचं लिहिणं दोन दिवस डोक्यात आहे. आमच्या गच्चीचा कठडा मोजला, टाकीच्या बाजूला दोन फूट सात इंच भरला. ग्रिलवाले दादा, वर पाइप चढवून घ्यायचा तर उभे बार कितीचे घ्यावेत?


ग्रिलवाला_सातपूर
गुरुवार, रात्री ९.४५

कठडा वीट-प्लास्टरचा असेल तर आधी तो हलतो का बघा, ढकलून. पक्का असेल तर वर दोन फूट चढवा, एकूण साधारण साडेचार. बार १० एमएम स्क्वेअर, मधलं अंतर साडेतीन इंच. टाकीची शिडी खालून सहा फूट काढता येणारी करा, ती विसरतात सगळे.


सिडकोची_आई
रविवार, रात्री १०.३०

फाटक काल बसलं. तेहतीस इंच, उभे बार, स्प्रिंगची बिजागरी, आत उघडणारं. पत्रा आणि चेकर शीट पुढच्या आठवड्यात, सध्या कठड्याला आतून जाळी बांधलीय. बादल्या पालथ्या. स्टूल कपाटावर. दवाखान्यात मी खरी उंची सांगितली होती, सिस्टर, पण दोनदा विचारल्यावर. ते तुमचं वाचेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलाने सकाळपासून फाटकाला अकरा वेळा धक्के मारून पाहिलं. लागताना खट् असा आवाज येतो, खालपर्यंत ऐकू जातो. दुपारी नवरा दळण घेऊन वर आला, डबा दारात टेकवला, आणि खालून सासूबाईंनी हाक मारली, "अरे, खट् वाजलं नाही!" डब्याच्या कडेत फाटक अडकलं होतं.

ग्रिलवाले दादा, डबा ठेवायला फाटकाच्या आत, भिंतीला घडीची फळी करून द्याल का? मोजून ठेवते. दीड फूट बाय एक फूट जागा आहे.